पेपर पुण्याहून यायचा तेव्हा

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना स्वायत्तता मिळू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. स्टाफरूममध्ये मी ते तावातावाने मांडतही असे. आज ते मत राहिलेलं नाही. का, ते सांगायला हवं, कारण प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की ओळखीचे पालक हमखास विचारतात, 'सर, ऑटोनॉमस घ्यावं का?'

विरोधाला कारण होतं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलांना पुणे विद्यापीठाचा एकच पेपर. सुरगाण्याहून येऊन इथल्या लहानशा कॉलेजात शिकणारी मुलगी आणि पुण्याच्या नामवंत कॉलेजातला मुलगा एकाच वेळी त्याच प्रश्नांना सामोरे जातात. तपासणाऱ्याला दोघंही ठाऊक नसतात. हे मला त्या मुलीचं संरक्षण वाटायचं. शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच झाला, तर कुणावर गुणांची खैरात होईल आणि कुणावर डूख धरला जाईल, ही भीती होती.

मन बदलायला सुरुवात झाली ती पेपर तपासतानाच. मी मेकॅनिकलचा. डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरची आकृती काढा, असा प्रश्न होता. गठ्ठ्यातल्या कितीतरी उत्तरपत्रिकांत जादा इंधन टाकीकडे परत नेणाऱ्या नळीचा बाण उलटा, आतल्या दिशेने काढलेला. एका गाइडमध्ये तो तसाच छापलेला होता. मी गुण कापले. पण तो उलटा बाण चुकीचा का, हे त्या मुलांना सांगायची सोयच नव्हती. गठ्ठा बांधला, सही केली, परत दिला. नाशिकच्या मुलांनी तो बाण उलटा काढावा, याचं फार वाईट वाटलं. इंजेक्टर बनवणारा बॉशचा कारखाना आपल्या सातपूरला आहे!

माझे विद्यार्थी नापास झाले, की मी मात्र सहज म्हणत असे, 'यंदा पेपरच अवघड निघाला.' ते खोटं नसायचं. पण विद्यापीठाच्या पेपरने संरक्षण दिलं ते अधिक करून मला, शिकवणाऱ्याला, हे तेव्हापासून मनात घोळू लागलं.

पुढे एका स्वायत्त महाविद्यालयात तोंडी परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो. तिथे वर्गात मुलं स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका बघत होती. एक मुलगी पान घेऊन पुढे आली आणि समीकरणावर बोट ठेवून म्हणाली, 'सर, इथे युनिट चुकलं, पण पुढची पद्धत बरोबर आहे ना?' सरांनी तिला शेजारी बसवलं, सगळं उत्तर पुन्हा वाचलं, एक गुण वाढवला आणि दुसरा का वाढणार नाही ते कागदावर सोडवून दाखवलं. असं संभाषण माझ्या नोकरीत कधी झालंच नव्हतं. फोटोकॉपी मागवा, पैसे भरा, मग रिव्हॅल, एवढंच आम्ही मुलांना सांगत आलो.

स्वायत्ततेची कल्पना काही नवी नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच स्वायत्त महाविद्यालयांची शिफारस केली होती, आणि १९७८ मध्ये तमिळनाडूत ती प्रत्यक्षात आली. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय २००७ मध्ये स्वायत्त झालं. नाशिकच्या के. के. वाघ अभियांत्रिकीत हा कारभार २०२२-२३ पासून सुरू झाला. पालकांची एक धास्ती मात्र विनाकारण आहे. स्वायत्त म्हणजे खासगी विद्यापीठ नव्हे. प्रवेश सीईटीच्या कॅपमधूनच होतो, फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरणच ठरवतं आणि पदवीही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच मिळते. बदलतो तो अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल. पण मुलाची चार वर्षं याच तीन गोष्टींत जातात.

माझी जुनी भीती पुरती गेलेली नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजवर उद्योगातला माणूस घ्यावाच लागतो. अंबडच्या कारखान्यातला इंजिनिअर तिथे चहा घेऊन सही करून जाणार असेल, तर विद्यापीठाच्याच जुन्या अभ्यासक्रमाला नवं मुखपृष्ठ लागेल. सढळ हाताने दिलेले गुण कंपनीच्या पहिल्या चाचणीत उघडे पडतील आणि त्याची किंमत मुलं मोजतील. तरीही मी आता स्वायत्ततेच्या बाजूने आहे, कारण तिथे चूक कुणाची हे निदान विचारता येतं. विचारायला पुण्याला जावं लागत नाही.

पालकांना एवढंच सांगेन. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी त्या कॉलेजच्या गेटवर तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलाला गाठा. नापास झालं तर फेरपरीक्षा कधी होते, बाहेरच्यांनी काढलेले पेपर किती असतात, हे विचारा. आणि सगळ्यात आधी विचारा, 'तुझी उत्तरपत्रिका तुला दाखवतात का?' 'नाही' म्हणाला, तर त्या कॉलेजचं नाव फॉर्ममध्ये टाकू नका.