पाकळ्या गळल्यानंतर

तिवराचं फूल कुणी केसात माळत नाही की देवाला वाहत नाही. नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या खाडीकाठी उन्हाळ्यात फांद्यांच्या टोकांना त्याचे पिवळट केशरी झुबके येतात. करंगळीच्या नखाएवढं फूल, चार पाकळ्या, चार पुंकेसर आणि मधमाश्यांना भुलवणारा गोडसर वास. पावसाच्या तोंडाशी पाकळ्या करपून चिखलात पडतात आणि पाम बीच रस्त्यावरून जाणाऱ्याच्या लेखी बहर संपतो. मला मात्र नेमक्या त्याच दिवसांत या झाडांपाशी रेंगाळावंसं वाटतं. फुलण्याचं कौतुक आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. पण झाडाचा खरा संसार सुरू होतो तो पाकळ्या गळताना.

मधमाशीच्या अंगाला चिकटलेला परागकण कुक्षीवर टेकला, की शाळेतला धडा जवळजवळ संपायचा. खरं तर तिथे फक्त दार उघडलेलं असतं. कोरडा कण कुक्षीचा ओलावा पिऊन फुगतो आणि त्यातून एक बारीक नळी फुटते. कुक्षीवृंताच्या पेशींमधून वाट काढत तिला थेट अंडाशयात उतरायचं असतं. कण परक्या जातीचा असेल, तर पुष्कळदा त्याला वरच अडवलं जातं. आपला असेल, तर बीजांडातल्या पेशी रसायनांच्या मार्फत नळीला जवळ बोलावतात. १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पंचानन महेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफूच्या बोंडातली बीजांडं काचनळीत ठेवली, त्यांच्यावरच पराग टाकले आणि बी धरवलं. ना कुक्षी, ना कुक्षीवृंत, तरी भेट झाली. मला त्या प्रयोगाचं फार अप्रूप आहे.

नळीतून दोन पुंयुग्मकं उतरतात. एक अंडपेशीशी एकरूप होतं आणि गर्भ धरतो. दुसरं शेजारच्या मोठ्या पेशीतल्या दोन केंद्रकांना मिळतं आणि त्यातून भ्रूणपोष वाढतो, म्हणजे त्या गर्भाची शिदोरी. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी हे द्विफलन लिलीच्या कुळातल्या फुलांमध्ये ओळखलं, ते १८९८ साली. बाळाच्या अन्नालाही आई आणि बाप दोघांचा अंश लागावा, ही गोष्ट मला अजून थक्क करते.

ही शिदोरी आपण रोज पितोही. वाशीच्या नाक्यावर शहाळंवाला विचारतो, पाणीवालं देऊ की मलईवालं? ते पाणी म्हणजे नारळाचा भ्रूणपोषच. त्यात असंख्य केंद्रकं मोकळी तरंगत असतात, त्यांच्याभोवती अजून भिंती उभ्या राहिलेल्या नसतात. मग कडेने भिंती धरत जातात, मलई येते, मलईचं खोबरं होतं. नारळाच्या अंडाशयात तीन कप्पे असतात, वाढतो बहुधा एकच. म्हणून तीन डोळ्यांतला एकच मऊ असतो, आणि त्याच्याखाली इवलासा गर्भ वाट पाहत असतो.

बहुतेक बियांना अशी वाट पाहणं जमतं. भाताचं बियाणं कणगीत सुखाने निजतं आणि पाऊस आला की जागं होतं. तिवराला ही चैन परवडत नाही. खाली खारा चिखल, दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. निजलेलं बी कुठल्या कुठे वाहून जाईल. तिवराच्या अंडाशयात चार बीजांडं असतात आणि सहसा एकच टिकतं. त्यातला भ्रूणपोष वाढता वाढता बीजांडाबाहेर येतो आणि गर्भालाही सोबत बाहेर आणतो. गर्भ मग फळाच्या पोकळीत आईकडून मिळणाऱ्या रसावर वाढतो. झोप नाहीच. जुलै-ऑगस्टमध्ये फळ झाडावरून सुटतं तेव्हा आत बी नसतं, रोप असतं.

ओहोटीच्या वेळी काठावर असं एखादं फळ उचलून पाहावं. बदामासारखं चपटं, राखाडी हिरवं, वर बारीक लव. पाण्यात भिजलेलं असेल तर साल बोटांनीच सुटून येते. आत दोन जाड हिरवी बीजपत्रं, एकात एक दुमडलेली, आणि त्यांच्यातून निघालेला आखूड देठ, टोकाशी पांढुरक्या केसांचा. चिखलाला पहिली मिठी मारतात ते हेच केस. कांदळाचं झाड तर याहून पुढचं. त्याचा अंकुर झाडावर असतानाच फळ फोडून बाहेर येतो आणि हातभर लांब होऊन लोंबकळत राहतो.

सुटलेलं रोप तरंगत जातं. काही खेकडे खातात, काही समुद्राला मिळतात. एखाद्याला मऊ चिखल आणि पाण्याने न हलवलेले थोडे दिवस मिळतात, आणि ते मूळ धरतं. करावे, सारसोळे, दिवाळे या गावांच्या कोळ्यांना जिताडा आणि चिंबोरी देणारी ही खाडी अशाच रुजलेल्या रोपांच्या आधाराने जगते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवनं तोडायला मनाई केली. कुऱ्हाड दिसते, म्हणून तिला मनाईही करता येते. पण कुठे बांध पडला, कुठे भराव झाला आणि पाणी अडलं, तर उभी झाडं वाळायच्या आधीच नवी रोपं आत येणं थांबतं, आणि ते कुणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून खाडीकाठच्या कुठल्याही नव्या बांधकामाबद्दल माझा पहिला प्रश्न झाडांच्या संख्येचा नसतो. ऑगस्टच्या उधाणाचं पाणी आतपर्यंत पोचणार आहे का, हे मला आधी कळायला हवं असतं.