चि. बाळास

साठ-सत्तरच्या दशकातल्या पुण्यात बाळ जन्माला यायच्या आधी त्याचं नाव ठरवणं बरं समजत नसत. घाईही नसे. बाराव्या दिवसाच्या आसपास आजोबा पंचांग उघडायचे, नक्षत्राचा चरण काढायचे आणि अक्षर सांगायचे. अश्विनीवर जन्म असेल तर चू, चे, चो, ला. ‘चो’वरून धड नाव निघत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक असे. त्यामुळे नक्षत्रनाव पत्रिकेत जाऊन बसे आणि चारचौघांतलं नाव आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून सांगे. मुलगा असेल तर विजय, मुलगी असेल तर विजया. अरुण नाहीतर अरुणा. शेवटच्या एका कान्यावर सगळा निकाल.

माझ्या भाचेसुनेच्या मोबाइलमध्ये मात्र पाचव्या महिन्यापासूनच यादी तयार आहे. गीत, श्री, ओजस, अबीर, ऋतू, स्पर्श. अट एकच, नाव मुलाला आणि मुलीला सारखंच शोभलं पाहिजे. ‘‘आत्या, काय होणार ते आधी कळत नाही, आणि कळायला नकोच आहे. उद्या कुणी नुसतं नाव वाचलं, तर मुलगा की मुलगी यावर त्याने काही ठरवू नये, बस.’’ आत्याआजी म्हणून माझं मत विचारलं जातं, धरलं जाईलच असं नाही.

आधी न कळण्यामागे कायदाही आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. परदेशातल्या नातलगांकडे गुलाबी-निळे फुगे फोडून जाहीर करतात ते आपल्याकडे चालत नाही. आपल्याकडे डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्या समोर येतात, एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ पेठांतल्या वाड्यांत होता, आणि आज बाणेरच्या क्लबहाउसमध्येही आहे. मग नाव आधी ठरवायचं तर दोन याद्या करा, नाहीतर दोघांना चालेल असं एक शोधा.

दोघांना चालणारी नावं तेव्हाही होती, फक्त ती हुडकून काढायची पद्धत नव्हती. आचार्य अत्र्यांची लेक शिरीष पै, आणि सिनेमा-क्रिकेटवर लिहिणारे शिरीष कणेकरही शिरीषच. सुहास जोशी रंगभूमी गाजवत होत्या तेव्हा इकडे पुण्यात सुहास शिरवळकर ‘दुनियादारी’ लिहीत होते. किरण, शशी, मधू तर गल्लीत दोन्हीकडचे सापडत. कृष्णाकाठच्या घरात नदीवरून मुलीचं नाव कृष्णा असे, आणि शेजारच्या घरात देवावरून मुलाचं.

शाळेत याचा गोंधळ होत नसे, कारण आमची हुजूरपागा १८८४ पासून मुलींची आणि नूमवि मुलांची. हजेरीतली सुहास कोण, हा प्रश्नच नसायचा. गंमत सुरू व्हायची कॉलेजात. आमच्या वर्गातल्या सुहासचं नाव एकदा मुलांच्या कबड्डी संघाच्या चाचणीच्या यादीत झळकलं. नोटीस बोर्डाभोवती हीऽ गर्दी. ती शांतपणे पुढे गेली, पर्समधून पेन काढलं, नावाआधी ‘कु.’ लिहिलं आणि तासाला येऊन बसली.

एक गोष्ट मात्र तेव्हाची खरंच हेवा करावा अशी होती. मुलगा-मुलगी हा भेद नावात पक्का असला तरी तान्ह्या बाळाच्या लाडात तो फारसा नसे. बारशाला जायचं म्हणजे आई तुळशीबागेतून स्टीलची वाटी घ्यायची. वाटीवर नाव घालणारा मान वर न करता विचारायचा, ‘‘काय घालू?’’ आई म्हणायची, ‘‘चि. बाळास, मावशीकडून.’’ बाळाचं नावच अजून ठेवलेलं नाही, तर दुसरं घालणार काय! त्याची सुई टकटक करत चालायची आणि ठिपक्याठिपक्यांची अक्षरं कडेला उमटत जायची. त्या वाटीत थोरल्याने वरणभात खाल्ला, मग धाकटीने, मग तिच्या मुलांनी. ‘बाळास’ लिहिलेलं असल्यामुळे वाटी ज्याच्या-तिच्या हक्काची.

झबली-टोपडीही तशीच. आजीचं मऊ झालेलं लुगडं, आजोबांचं जुनं धोतर, त्यातून निघेल तो रंग. बाळंतविडा एका घरातून दुसऱ्या घरात फिरायचा तेव्हा तो मुलाचा की मुलीचा असं कुणी विचारत नसे. माझा भाऊ बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाला. त्याचा जावळ काढण्याआधीचा स्टुडिओतला फोटो आहे, फ्रिलचा फ्रॉक आणि दोन रिबिनी बांधलेल्या वेण्या. घरात बोलणंही ‘उठलं का?’, ‘प्यायलं का?’ असंच असायचं.

ही मोकळीक फार दिवस टिकत नसे, हेही सांगायला हवं. केशव नावाने जन्मलेले लोकमान्य घरातल्या हाकेमुळे जन्मभर बाळ गंगाधर टिळक राहिले, आणि पुढे असे कितीतरी ‘बाळ’ बाळासाहेब झाले. मुली ‘बेबी’ राहिल्या. साठीला टेकलेल्या बेबीमावश्या सदाशिव पेठेत पैशाला पासरी होत्या. लहानपणी ‘चि.’ दोघांनाही लागे, लग्नपत्रिकेत मात्र तो ‘चि.’च राहायचा आणि ती ‘चि. सौ. कां.’ व्हायची. लग्न लागलं की ताम्हणात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नवऱ्याने तिचं नवं नाव लिहायचं. ‘कु.’ लिहिणारी आमची सुहास त्या तांदळात माधवी झाली, कारण नवरा माधव होता. पुढे तिची पत्रं यायची ती माधवीच्या सहीने. मला मात्र ते नाव कधी तोंडात बसलं नाही.

नावांची आणखीही एक तऱ्हा होती. आधीची मुलं गेली असतील तर येणाऱ्याचं नाव धोंडू, दगडू, भिकू, कचरू. दृष्ट लागू नये, मृत्यूने ढुंकूनही पाहू नये म्हणून. मुलगी असेल तर धोंडी, दगडाबाई. त्यात निदान जगावं ही इच्छा होती. मुलींवर मुली झाल्या की ठेवलेल्या ‘नकोशी’ या नावात तीही नव्हती. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ नकोशींना समारंभाने नवी नावं दिली गेली. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना हे आठवलं की जीभ जरा आवरती घ्यावी लागते.

आता चित्र नेमकं उलटं झालं आहे. नावातला भेद पुसायला आईबाप रात्री जागवतात, आणि तो कपाटात मात्र जोरात आला आहे. मॉलमध्ये बाळाचं दुकान म्हणजे उजवी भिंत गुलाबी, डावी निळी. दुपटं, बाटली, मोजे, वाढदिवसाचा केकसुद्धा. परवा भाचेसुनेसाठी पिवळं झबलं मागितलं तर विक्रेती म्हणाली, ‘‘मॅडम, बेबी बॉय की बेबी गर्ल?’’ अजून यायचंय म्हटल्यावर ती बिचारी अडकली आणि मला पांढऱ्या रुमालांचा सेट दाखवू लागली.

जमेची बाजूही मोठी आहे. आता बऱ्याच मुली लग्नानंतर स्वतःचं नाव सोडत नाहीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. नुसतं वडिलांचं नाव लावणाऱ्या आमच्या पिढीला याचं महत्त्व जास्त कळतं. नाव नोंदवायचीही ओढाताण नाही; जन्माच्या नोंदीत ते बारा महिन्यांपर्यंत शुल्क न भरता घालता येतं. तोवर यादीतली कितीही नावं खोडा.

मला विचाराल तर नाव आजचं असावं आणि झबलं तेव्हाचं. नाव असं, की ते तांदळात मोडून दुसरं लिहायची कुणाची छाती होऊ नये. आणि कपडे असे, की ते पुढच्या बाळाला, कुठल्याही बाळाला, सहज जावेत. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, ही वाटणीही आता बंद झालेली बरी. पेढेच वाटा, नाहीतर दोन्ही वाटा. माझ्या भाचीने, म्हणजे होणाऱ्या आत्येने, तर भावाला आत्ताच बजावून ठेवलंय, ‘‘नाव तुम्ही गीत ठेवा नाहीतर ऋतू, पण मुलाच्या बारशाला जी साडी देशील तीच मुलीच्या बारशालाही पाहिजे.’’ दोघांना चालणाऱ्या नावाची एवढी हौस आहे, तर सुरुवात तिच्या आहेरापासून करायला काय हरकत आहे?