तारांचा वाद

मांद्र्याचे घर विकण्याविषयी आम्हा भावंडांत मतभेद नव्हता. वाद झाला तो तारांवरून. १९६१ च्या मुक्तीनंतर काही वर्षांनी घरात वीज आली, तेव्हाच्याच त्या तारा: लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या, रबरी वेष्टनाच्या. चिनी मातीचे फ्यूज; अर्थिंग नावालाही नाही. असे रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते आणि पुढे बोट लागताच भुगा होऊन गळते. त्यात चिऱ्याच्या भिंती पावसाळाभर ओल धरणाऱ्या. चवथीत माटोळीजवळचा दिवा लावताना बटणातून झिणझिण्या येत, आई म्हणे, "पाटावर उभं राहून लाव." एवढाच आमचा बंदोबस्त!

गिऱ्हाइकाने तुळया पाहिल्या, विहीर पाहिली. तारांविषयी अवाक्षर काढले नाही. थोरल्या बंधूंचे मत, रंगाचा हात मारावा आणि गप्प बसावे. आम्ही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ दाखविले: साधारण काळजी घेऊनही खरेदीदारास उमगणार नाही असा, आपणांस ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. बंधू बधले नाहीत. परंतु गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने अशा विक्रीस पतिपत्नी दोघांची संमती लागते. वहिनींनी सहीपूर्वी एवढेच विचारले, "त्यांच्या घरात लहान मूल आहे ना?"

वायरमनने सांगितलेला खर्च किमतीतून वजा झाला आणि तारांची अवस्था खरेदीखतात लिहिली गेली. बंधू मात्र सह्या होईपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत.