शेरूची दुपार

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी रस्ते ओस पडतात. जो तो आपापल्या कूलरपुढे. आमच्या दोन खोल्यांत आम्ही, मंडळी, आई आणि दोन मुले, अशी पाच माणसे. सहावा शेरू. जात गावठी, वय ऐन जवानीचे, अंगात वारे शिरल्यासारखा. त्याला बाहेर सोडता येत नाही आणि आत ठेवले तर घर डोक्यावर घेतो.

बाहेर का सोडत नाही, ते सांगायलाच हवे. चूक आमचीच होती. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही त्याला अंगणातल्या कडुनिंबाखाली बांधून कचेरीत गेलो. सकाळी तिथे सावली होती. दुपारी सावली सरकली, साखळी जागचीच राहिली. पाण्याचे भांडे त्याने केव्हाच उपडे केले होते. मंडळींचे लक्ष गेले तेव्हा तोंडाला चिकट लाळ, धाप थांबत नव्हती आणि पाय लटपटत होते. त्यांनी त्याला आत उचलून आणले, अंगावर साधे पाणी ओतले, पंखा लावला आणि रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. शेरू वाचला. डॉक्टर म्हणाले, "कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो पंजांना. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. एरवी त्याचे अंग ३८ ते ३९ अंश असते. ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते." ती साखळी आम्ही त्याच संध्याकाळी भंगारात दिली.

मग शेरू घरात आला. आईला ते मुळीच पसंत नव्हते, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने तिच्या गोधडीचा कोपरा कुरतडला. त्याहून मोठी पंचाईत भुंकण्याची. भिंतीपलीकडचे काका रात्रपाळीचे चौकीदार, दिवसा झोपणारे. तिसऱ्या दिवशी ते लाल डोळ्यांनी दारात उभे राहिले. "भाऊ, कुत्रा गावाला पाठवा, नाहीतर मला झोपायला दुसरी जागा द्या." त्यांचे काय चुकले? आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

वाट सापडली ती धाकटीमुळे. तिने जुन्या टॉवेलात भाकरीचे तुकडे ठेवून घट्ट वळकटी केली आणि त्याच्यापुढे टाकली. हुंगणे, उलगडणे, पुन्हा हुंगणे यात वीस मिनिटे गेली, एकदाही भुंकला नाही, आणि नंतर फरशीवर पोट टेकून झोपला. कुत्र्याला दमवायचे तर पळवावेच लागते, ही आमची समजूत होती. नाकाला काम दिले तरी तो दमतो.

तेव्हापासून सुट्टीतल्या पोरांना धंदाच मिळाला. किराणा दुकानातून खोके आणायचे, त्यात चुरगळलेले वर्तमानपत्र आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे टाकायचे. (खेळ संपला की कागद उचलायचे, नाहीतर तेही पोटात जातात.) एकाने दाराआड लपून हळूच एकदाच हाक मारायची. भाकरी पुढे ठेवून "थांब" म्हणायचे आणि दहा आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी तो तीनलाच झेपावला. जुन्या लुगड्याची वेणी ओढायला देतो, पण दोन-चार मिनिटेच. घरात असला तरी उकाडा तो उकाडाच, धाप वाढली की खेळ बंद. बिनमिठाचे ताक वाटीत गोठवून दिले की तो बराच वेळ चाटत बसतो. कांदा, मनुका, चॉकलेट मात्र चुकूनही नाही, ते त्याला विषच.

कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवतो, नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो. वीज गेली की फरशीवर पाणी शिंपडतो. फिरायला पहाटे, किंवा रात्री डांबराला हाताचा उलटा पंजा लावून. सातपर्यंत मोजेतो चटका बसला तर परत घरी.

आई आता भाकरीच्या कडा बाजूला काढून ठेवते, वर म्हणते, "तुला लहानपणी इतकं कुणी खेळवलं नाही."

परवा काका झोपेतून उठून अंगणात आले. "भाऊ, आज शेरूचा आवाज नाही. बरा आहे ना?"

शेरू पलंगाखाली आमचा मोजा शोधत होता.