एकच मोबाईल, घरभर प्रश्न

आपल्या घरांत काही गोष्टी मोठ्याने बोलल्या जात नाहीत. मुलीच्या पाळीचा त्रास, सुनेला दिवस न राहणे, अब्बांवरचे कर्ज, तरण्या मुलाची उडालेली झोप. पूर्वी अशी गोष्ट खालाच्या किंवा गल्लीतल्या एखाद्या अनुभवी बाईच्या कानात सांगितली जाई. बाई समजदार असली तर ती गोष्ट तिच्या पोटातच राही. आता तीच गोष्ट मोबाईलवर शोधाच्या चौकटीत टाइप होते. तिथून ती कुठे जाते आणि कोणाच्या हाती लागते, हे मात्र आपण कोणी विचारत नाही.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील एका उर्दू शाळेत मराठी आणि विज्ञान शिकवतो. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि तेव्हापासून मोबाईल हा दप्तराचाच एक भाग झाला. पण आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींकडे स्वतःचा मोबाईल नाही. घरात एक असतो, फार तर दोन. तो अब्बांचा किंवा भाईजानचा. ते कामावरून आले, जेवले, की मुलीच्या हाती तासभर येतो. त्या एका तासात गृहपाठ उतरवायचा, धडा पाहायचा आणि कोणाला विचारता न येणारा प्रश्नही त्यातच विचारून घ्यायचा.

नववीतली एक हुशार मुलगी आठवडाभर गृहपाठाशिवाय येऊ लागली. विचारले तर खाली मान. मधल्या सुट्टीत बाजूला घेतले तेव्हा हळूच म्हणाली, "आपा, मी काही वाईट पाहिलं नव्हतं. पोटात फार दुखत होतं, म्हणून विचारलं होतं." तिने भावाच्या मोबाईलवर पाळीच्या दुखण्याबद्दल शोधले होते. दोन दिवसांनी भाऊ मित्रांसोबत क्रिकेटचा व्हिडिओ पाहत असताना त्याच विषयाच्या जाहिराती येऊ लागल्या. मित्र हसले. भाऊ घरी आला आणि बहिणीचा मोबाईल बंद झाला. तो मुलगा वाईट नाही. दिवसभर गॅरेजमध्ये राबतो आणि बहिणीच्या अभ्यासासाठी रिचार्जही तोच मारतो. त्याला फक्त लाज वाटली. त्या लाजेची किंमत बहिणीच्या शिक्षणाने चुकवली.

आम्ही तिच्या घरी गेलो, अम्मीशी बोललो, भावाशीही बोललो. मोबाईल पुन्हा मिळाला. पण आमच्या डोक्यातून तो विषय जाईना. मुलीने चोरून काही केले नव्हते आणि भावाने तिचा मोबाईल तपासला नव्हता. मग घरातली गोष्ट घराबाहेर जाऊन जाहिरात बनून परत आली कशी?

उत्तर तसे साधे आहे. आपल्या बहुतेक मोबाईलमध्ये एक खाते कायम उघडे असते. त्या खात्यावर आपण काय शोधले, कोणता व्हिडिओ पाहिला, कुठे कुठे गेलो, याची नोंद राहते. मोबाईल कोणाच्या हातात आहे, हे खात्याला कळत नाही. त्याच्या लेखी बहीण, भाऊ, अम्मी आणि दादी मिळून एकच माणूस. या नोंदींवरून त्या 'माणसा'ला काय दाखवायचे ते ठरते. जाहिराती ठरतात आणि शोधाचे निकाल कोणत्या क्रमाने लागावेत, यावरही थोडाफार परिणाम होतो.

क्रमाचा हा फरक आमच्या जिल्ह्याने एका कठीण वेळी अनुभवला. डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडे. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने गेले. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीच्या आधारे सांगितले की रेशनच्या गव्हातील सेलेनियमचे जास्त प्रमाण याचे कारण असावे. त्यांनी १८ गावांतील २७९ जणांचा आकडा दिला. त्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या आणि काहींची ठरलेली लग्ने मोडली, असेही ते म्हणाले.

त्या दिवसांत आमच्या शिक्षक खोलीत तिघांनी एकच शब्द शोधले. एकाच्या मोबाईलवर आधी पाण्याच्या तपासणीची बातमी आली, दुसऱ्याला केस उगवण्याचे तेल विकणारे व्हिडिओ, तिसऱ्याला तीन वर्षांपूर्वीचा भलताच लेख. ज्ञान एकच होते, पण वाटप वेगवेगळे. आम्हाला काळजी वाटली ती त्या गावांतल्या मुलींची. लग्न ठरलेली मुलगी 'डोक्यावरचे केस जात आहेत' असे टाइप करते, तेव्हा ती आपल्या आयुष्यातली सर्वांत नाजूक गोष्ट लिहीत असते. ती गोष्ट तिची अमानत आहे, कोणाच्या विक्रीचा माल नाही.

"आमच्यासारख्या गरिबाच्या माहितीत कोणाला काय रस?" असे पालकसभेत एका अब्बांनी विचारले. त्यांना आम्ही नमाजच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपची हकीकत सांगितली. 'मुस्लिम प्रो' हे ॲप आपल्यापैकी कित्येकांकडे असेल. नमाजची वेळ आणि किब्ल्याची दिशा सांगायची तर ॲपला आपले ठिकाण कळावेच लागते. नोव्हेंबर २०२०मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्तस्थळाने उघड केले की या ॲपकडून वापरकर्त्यांच्या ठिकाणाची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे ठेकेदार होते. तेव्हा हे ॲप ९.८ कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालेले होते. बातमी येताच ॲपने एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीला लोकांची अशी संवेदनशील ठिकाणे विकण्यास मनाई केली. मशिदीत कोण किती वाजता गेले, ही माहितीसुद्धा बाजारात विकली जाते, तर बाकीचे काय सांगावे? दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा माग काढू नये, परवानगीशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, हे आपण मुलांना पहिल्यापासून शिकवतो. यंत्रांनाही तोच नियम लागू व्हायला हवा.

कायदाही हेच म्हणतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण आमची ती नववीतली मुलगी चोवीस वर्षांच्या भावाच्या खात्यावरून शोधत होती. कायद्याचे छत्र तिच्यापर्यंत पोहोचणार कसे? म्हणून घरातच थोडी तजवीज करावी लागते.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. डोकावणारे दोन असतात. एक घरातला, म्हणजे आपल्यानंतर तोच मोबाईल हातात घेणारा. दुसरा बाहेरचा, म्हणजे कंपनी आणि जाहिरातदार. दोघांसाठी उपाय वेगळे आहेत. क्रोममधली 'इन्कॉग्निटो' खिडकी बंद केली की मोबाईलवर इतिहास राहत नाही, म्हणजे पहिला थांबतो. दुसरा थांबतोच असे नाही. याच मुद्द्यावर गूगलविरुद्ध अमेरिकेत २०२० साली खटला झाला आणि २०२४मधील तडजोडीत अशा खिडकीतून गोळा झालेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करायचे कंपनीने मान्य केले. उलट, 'डकडकगो'सारखे शोधयंत्र आपला शोध आपल्या नावावर जमा करत नाही, म्हणजे दुसरा बराचसा थांबतो. पण ते नेहमीच्या ब्राउझरमध्ये वापरले तर मोबाईलवरचा इतिहास तसाच राहतो. दोन्ही बाजूंनी आडोसा हवा असेल तर ब्राउझर आणि शोधयंत्र दोन्ही निवडावी लागतात.

आम्ही आमच्या घरी आणि नंतर पालकसभेत सांगितले ते असे. मोबाईलवर एक वेगळा ब्राउझर ठेवा आणि त्यात कोणाचेही खाते उघडू नका. 'फायरफॉक्स' घेतला तर तो मराठीत आणि उर्दूतही वापरता येतो. त्याचेच छोटे भावंड 'फायरफॉक्स फोकस' एका बटणावर सारे पुसून टाकते. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये ज्योतीचे चित्र असलेले बटण तेच काम करते. 'ब्रेव्ह' माग काढणाऱ्या जाहिराती आपोआप अडवतो. यांपैकी एक पुरे. सेटिंगमध्ये जाऊन शोधयंत्र डकडकगो करा, देश भारत निवडा आणि सुरक्षित शोध 'कडक' ठेवा. मुलांसमोर नको ते येऊ नये ही आई-वडिलांची काळजी रास्त आहे. तिचा बंदोबस्त इथे होतो, त्यासाठी मुलीचा प्रत्येक प्रश्न वाचायची गरज नाही.

गूगल सोडायचे नसेल तरी हरकत नाही. खात्यात 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' नावाची सोय आहे. ती बंद करता येते किंवा तीन महिन्यांपेक्षा जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातील असे ठरवता येते. जाहिरातींच्या केंद्रात वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात. हे सारे दहा मिनिटांचे काम आहे. चहा निवेपर्यंत होते.

निकाल आपल्या कामाचे यावेत म्हणून शोधायची रीतही मुलांना शिकवली पाहिजे. उर्दू लिपीत विज्ञानाचा प्रश्न टाकला की आमच्या मुलांसमोर बहुतेक वेळा पाकिस्तानातील पाठ्यपुस्तके येतात. सोबत 'महाराष्ट्र' किंवा 'बालभारती' लिहिले की गाडी रुळावर येते. नेमकी शब्दरचना हवी असेल तर ती अवतरण चिन्हांत लिहावी. सरकारी माहितीच हवी असेल तर इंग्रजीत साइट हा शब्द, त्यापुढे दोन टिंबे आणि लगेच गव्ह डॉट इन असे टाकावे. शिष्यवृत्तीच्या नावाखाली फसवणारी पाने यामुळे बरीचशी गळतात. कोणाचा माग न काढताही निकाल आपल्या गरजेप्रमाणे मिळवता येतात, ते असे.

या उपायांनी सर्व काही झाकले जाते, असा समज मात्र करून घेऊ नये. सिमकार्डाच्या कंपनीला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो ते दिसू शकते. डकडकगोचे बरेच निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात आणि मराठी-उर्दूत ते कधी अपुरे पडतात. २०२२मध्ये तर त्याचा ब्राउझर मायक्रोसॉफ्टच्या काही मागकाढूंना मोकळे सोडतो असे उघड झाले होते. टीका झाल्यावर कंपनीला ते सुधारावे लागले. तेव्हा कोणावरही डोळे झाकून विसंबू नये. कुलूप लावले म्हणजे चोर संपले असे होत नाही, तरी आपण कुलूप लावतोच.

"लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?" असे विचारणारे भेटतात. त्यांना आम्ही म्हणतो, न्हाणीघराला दार असते, ते आत गुन्हा घडतो म्हणून नव्हे. पाळीचे दुखणे, गळणारे केस, नापास होण्याची भीती, यांत लाजेचे काही नाही, पण त्या गोष्टी ज्याच्या त्याच्या आहेत. प्रश्न विचारला की चारचौघांत शोभा होते, हे मुलीला एकदा कळले की ती विचारणेच सोडते. प्रश्न सोडलेली मुलगी शाळेत असली तरी शिकत नसते, हे आम्ही रोज पाहतो.

आणि मोबाईल कितीही सुरक्षित केला तरी त्याने सारे काम होत नाही. पोटदुखीचे उत्तर डॉक्टरकडे असते. अम्मीने, खालाने, आशाताईने किंवा आम्हा शिक्षिकांनी मुलीला न रागावता ऐकून घेतले तर निम्मे प्रश्न त्या चौकटीत जाणारच नाहीत. राहिलेल्या निम्म्यांसाठी घरातल्या भावांना आमची एक विनंती आहे. या जुम्म्याच्या सुट्टीत मोबाईल हातात घ्या, एक वेगळा ब्राउझर बसवा आणि बहिणीला सांगा, "अभ्यासाचं, तब्येतीचं, जे विचारायचं ते इथे विचार. मी पाहणार नाही." आणि मग खरेच पाहू नका.