धाकट्या लेकीचे गाव

पुण्याहून बंगलोरकडे जाणारी गाडी कडूरला थांबते. तिथे उतरून मोटारीने तासाभरात चिकमगळूर गाठावे. सरकारदप्तरी २०१४ पासून ते चिक्कमगळूरु झाले आहे. आपल्या तोंडी मात्र जुनेच नाव बसले आहे. या नावाचा अर्थ धाकट्या लेकीचे गाव. सक्रेपट्टणच्या रुक्मांगद राजाने ते धाकट्या मुलीला आंदण दिले, अशी कथा सांगतात. थोरलीचे हिरेमगळूर शेजारीच आहे. मागे बाबाबुडनगिरीची रांग. मक्केहून परतताना बाबा बुडन यांनी मोख्याच्या कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि याच डोंगरावर रुजवल्या, अशी इथली श्रद्धा. सात बियांची ती चोरी केवढी फळाला आली, ते पाहायचे असेल तर पौषात यावे. उंच सिल्व्हर ओक, त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल, आणि खाली सावलीत लालबुंद फळांनी लगडलेली कॉफीची झुडपे.

पण खरे सांगायचे, तर मी कॉफीसाठी गेलो नव्हतो. मला ओढ होती ती एका निवडणुकीची.

मार्च १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी त्यांच्या पक्षाला एकही मिळाली नाही. सुशिक्षित मराठी घरांतून तर त्यांचे नाव घेण्याची सोय उरली नव्हती. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्ष म्हणून आणीबाणीविरुद्ध उठवलेला आवाज आम्ही मराठीचे मास्तर अजून वर्गात सांगतो आणि तो सांगताना आमचाही आवाज चढतो. अशा दिवसांत, नोव्हेंबर १९७८ मध्ये, या डोंगराळ मतदारसंघाने पोटनिवडणुकीत इंदिराजींना पाऊण लाखाहून अधिक मताधिक्याने लोकसभेत पाठवले. समोर वीरेंद्र पाटील, राज्याचे माजी मुख्यमंत्री. सामान्य उमेदवार नव्हे. (हेच पाटील पुढे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८९ मध्ये त्याच पक्षाचे मुख्यमंत्री झाले. राजकारणात अशा गमती फार.) ‘एक शेरनी, सौ लंगूर, चिकमगलूर, चिकमगलूर’ ही घोषणा देशभर गाजली. कन्नड मुलखातल्या निवडणुकीची घोषणा हिंदीत असावी, ही आणखी एक मौज!

आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले असते. अडाणी मतदार, दुसरे काय? आणीबाणीची झळ दक्षिणेला लागली नाही, असेही म्हणतात. नसबंदीचा जुलूम उत्तरेइतका इकडे झाला नाही, हे खरे. पण वाजपेयी आणि अडवाणी बंगलोरच्याच तुरुंगात होते. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी तिथल्याच कोठडीत खंगल्या आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये गेल्या. तरीही त्यानंतर दोनच महिन्यांनी कर्नाटकाने २८ पैकी २६ जागा इंदिराजींच्याच पक्षाला दिल्या.

आमचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. नोकरीतली काही वर्षे कोल्हापुरास काढल्यामुळे मराठी उत्तम बोलतात. त्यांनी मला एका मळ्यावर नेले. सत्तरी ओलांडलेली एक अज्जी तिथे फळे निवडत बसली होती. अठ्ठ्याहत्तर साली मत कोणाला दिलेत, असे यजमानांनी तिला विचारले. “इंदिराम्माला,” ती म्हणाली. का, असे विचारल्यावर तिने माझ्याकडे असे पाहिले, की पाऊस खाली का पडतो, असेच मी विचारले असावे.

मग हळूहळू हकीकत निघाली. तिच्या सासऱ्याकडे खोऱ्यात थोडी भातखाचरे होती, पण ती चालगेणीवर, म्हणजे वर्षावर्षाच्या खंडाने. धन्याने पुढल्या वर्षी नाही म्हटले, की संपले. १९७४ मध्ये देवराज अरस यांच्या सरकारने कायदा दुरुस्त करून खंडाची सारी जमीन सरकारजमा केली आणि कसणाऱ्याला ती मागण्याचा हक्क दिला. तालुक्यातालुक्यात न्यायमंडळे बसली आणि तिथे वकिलांना मज्जाव होता. कॉफीचे मळे मात्र कायद्याबाहेर राहिले, म्हणून अज्जी अजून मळ्यावर मजुरीलाच येते. पण भात स्वतःच्या शेतातले खाते.

आमच्या घरची थोडी जमीन होती, कोकणात. कुळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ उजाडला, आणि तेव्हापासून आमच्याकडे एकच वाक्य ऐकू येते: ‘जमीन कुळाकडे गेली.’ पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत ते वाक्य असेल. लहानपणापासून मी ‘गेली’ हेच क्रियापद ऐकत आलो. ‘आली’ म्हणणारे माणूस मला चिकमगळूरच्या मळ्यावर प्रथम भेटले.

आणीबाणीला क्षमा करावी असे मला वाटत नाही. अज्जीचा ‘आली’ ऐकूनही वाटत नाही. पण तिच्या मताला अडाणी म्हणण्याचे धाडसही आता होत नाही. वर्तमानपत्राचे स्वातंत्र्य गेले तेव्हा तिच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हते. जे आले ते त्याच वर्षांत आले.

पण एक गाठ सुटत नव्हती. कायदा केला अरसांनी. १९७९ मध्ये ते इंदिराजींपासून फुटले. कुळे आपल्यामागे येतील असा त्यांचा हिशेब असणार. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिराजींना कर्नाटकात २८ पैकी २७ जागा मिळाल्या आणि अरसांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. इंदिराजी तर तोवर चिकमगळूर सोडून रायबरेली आणि मेदकला उभ्या राहिल्या होत्या. तरी ही जागा त्यांच्याच पक्षाकडे राहिली.

मी अज्जीला अरसांविषयी विचारले. “अरसू भला माणूस,” ती म्हणाली. “पण कागद अम्मांचा होता.”

संध्याकाळी तिच्या घरी तो कागद पाहायला मिळाला. ट्रंकेतून, लुगड्याच्या घडीतून निघाला. यजमानांनी तो मला वाचून दाखवला. त्यावर इंदिराजींचे नाव नव्हते, अरसांचेही नव्हते. न्यायमंडळाचा शिक्का होता, सर्व्हे नंबर होता, आणि तिच्या सासऱ्याचे नाव होते.