भावांच्या सरहद्दी

जन्मपत्रिका घेऊन येणाऱ्या गृहस्थाचा पहिला प्रश्न बहुधा ग्रहांविषयी असतो: शनीची साडेसाती केव्हा सुटते, गुरुबळ आहे किंवा नाही, मुलीला मंगळ आहे काय, आणि अशा प्रश्नांची उत्तरे देण्यात ज्याच्या आयुष्याचा बराच भाग गेला, अशा माझ्यासारख्या कुंडली मांडणाऱ्या माणसास प्रत्येक वेळी असे सांगावेसे वाटते, की महाराज, ग्रह हे आपल्या एकट्याच्या मालकीचे नव्हेत. आपल्या जन्मदिवशी शनी ज्या राशीत होता त्याच राशीत तो त्या दिवशी जन्मलेल्या यच्चयावत बालकांच्या पत्रिकांत असणार, मग ते बालक पैठणास जन्मलेले असो की पॅरिसला. शनीला एक रास ओलांडण्यास सुमारे अडीच वर्षे लागतात आणि ग्रहमालिकेतील सर्वांत चपळ जो चंद्र, तोही त्यास सव्वादोन दिवस घेतो. पत्रिका एका विवक्षित व्यक्तीची होते ती भावांमुळे, ज्यांस आपण बोलीत स्थाने किंवा घरे म्हणतो. कारण भाव हे ताऱ्यांवरून ठरत नाहीत, जन्मस्थळाचे क्षितिज आणि जन्माचा क्षण यांवरून ठरतात. कुंडलीत आकाश सर्वांचे असते, भाव मात्र ज्याचे त्याचे.

जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर क्रांतिवृत्ताचा जो बिंदू उगवत असतो ते लग्न, पश्चिमेस मावळणारा बिंदू ते सप्तम, याम्योत्तर वृत्तावर क्षितिजाच्या वर जो येतो तो दशम, आणि त्याच्या बरोबर समोर, पायांखालच्या अदृश्य आकाशात, तो चतुर्थ. ही चार केंद्रे पक्की बसली की कुंडलीचा सांगाडा उभा राहतो. सूर्योदयाला जन्मलेल्याचा रवी लग्नी, माध्यान्हीच्या जन्माचा दशमात, सूर्यास्ताचा सप्तमात आणि मध्यरात्रीचा चतुर्थात असावयाचा. कोणतीही पत्रिका हाती आली की मी प्रथम हाच ताळा पाहतो, कारण भर दुपारचा जन्म लिहिलेला असून रवी तृतीयात मांडलेला असेल तर त्या पत्रिकेचे पुढील वाचन निरर्थक होय. नवशिक्यास चकविणारी गोष्ट अशी, की भावांची गणना आकाशाच्या दैनंदिन गतीच्या उलट चालते: द्वितीय स्थान अद्याप क्षितिजाखाली उगवण्याची वाट पाहत असते, तर द्वादश नुकतेच उगवून वर चढलेले असते, आणि म्हणून उगवलेला सूर्य लग्नातून द्वितीयाकडे न जाता द्वादशाकडे, तेथून एकादशाकडे आणि मग दशमाकडे सरकतो. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या चौकटीत वरचा मधला चौकोन नेहमी लग्नाचा आणि तेथून डाव्या हाताने मोजणी. चौकोनांतील आकडे हे राशींचे, भावांचे नव्हेत. हे ठाऊक नसल्यामुळे 'आमच्या पहिल्या घरात गुरू आहे' असे सांगणाऱ्या कित्येक सुशिक्षितांचा गुरू प्रत्यक्षात मेषेत, पण अष्टमात असतो.

तनु, धन, सहज, सुख, सुत, रिपू, जाया, मृत्यू, भाग्य, कर्म, लाभ आणि व्यय ही बारा नावे बहुतेकांस तोंडपाठ असतात. त्यांच्यामागची योजना मात्र क्वचितच कोणी विचारतो. जे भूमीखाली ते चतुर्थ, म्हणून घर, शेत, विहीर, माता आणि अंतःकरण यांचा विचार तेथे. जे डोक्यावर येऊन सर्वांस दिसते ते दशम, म्हणून हुद्दा, राजमान्यता आणि लौकिक तेथे. आणि लग्नाच्या समोर, जेथे आपला उदय तेथे ज्याचा अस्त, ते सप्तम म्हणजे पती किंवा पत्नी, व्यापारातील भागीदार, आणि समोर उभा ठाकलेला वादीदेखील. एकाच घरात सहधर्मचारिणी आणि प्रतिवादी यांस बसविणाऱ्या त्या जुन्या आचार्यांच्या अनुभवाविषयी मी येथे अधिक लिहीत नाही. केंद्रे, त्यांच्या पुढची पणफर आणि त्यांच्याही पुढची आपोक्लिम स्थाने ही वर्गवारी यवन, म्हणजे ग्रीक, परंपरेतून आपल्याकडे आली, हे आता सर्वमान्य आहे, आणि खुद्द वराहमिहिराने यवनाचार्यांचा आदराने उल्लेख केला असल्याकारणाने त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

माझ्या मते भावविचारातील खरी बुद्धी दिसते ती भावावरून भाव मोजण्याच्या रीतीत. कोणतेही स्थान तात्पुरते लग्न मानून तेथून पुन्हा बारा स्थाने मोजावयाची: सप्तमावरून द्वितीय ते अष्टम, म्हणून जोडीदाराचे धन अष्टमावरून, पंचमावरून पंचम ते नवम, म्हणून नातवंडे नवमावरून. आता मारकस्थानांचे कोडे पाहावे. द्वितीय आणि सप्तम, म्हणजे कुटुंब-धन आणि विवाह, यांसारखी मंगल स्थाने मृत्युकारक का ठरविली, असा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. उत्तर असे, की अष्टम हे आयुष्याचे स्थान. अष्टमावरून आठवे तृतीय, म्हणून तेही आयुष्याचे. आणि कोणत्याही स्थानाचा व्यय त्याच्या बाराव्यात, म्हणून तृतीयाचा व्यय द्वितीय आणि अष्टमाचा व्यय सप्तम. आयुष्य जेथे खर्ची पडते ती घरे मारक. ही जमाखर्चाची पद्धत एकदा ध्यानात आली की पाठांतराचा निम्मा भार उतरतो.

याच रीतीने पित्याच्या स्थानाचा जुना वादही समजतो. आपल्याकडे पिता दशमावरून पाहण्याची वहिवाट आहे, कारण चतुर्थ ही माता आणि तिच्यापासून सातवे ते दशम. केरळ व तामिळ प्रांतांतील दैवज्ञ मात्र पित्यास नवमात बसवितात, कारण नवम हे धर्माचे व गुरूचे स्थान आणि पुत्राचा पहिला गुरू पिताच. एका पक्षाने पित्यास मातेचा पती म्हणून ओळखले, दुसऱ्याने उपदेश करणारा म्हणून. दोहोंपैकी एक खोटा ठरविण्याचे साधन कोणापाशीही नाही. एकाच पत्रिकेत सोयीप्रमाणे दोन्ही वापरू नयेत एवढेच पथ्य मी पाळतो.

स्थान, त्याचा स्वामी आणि त्यात येऊन बसलेला ग्रह या तिघांची गल्लत टाळण्यासाठी मी विद्यार्थ्यांस पेशवाईतील मुलकी कारभाराचे उदाहरण देत असतो. भाव हा महाल, भावेश हा त्या महालाचा कमाविसदार, आणि भावात पडलेला ग्रह हा तेथे उतरलेला पाहुणा सरदार. सरदाराच्या घोड्यांनी महालातील दाणावैरण फस्त केली तरी महालाच्या उत्पन्नाचा जबाब कमाविसदारालाच द्यावा लागतो, आणि तो कमाविसदार स्वतः दुसऱ्याच महालात तळ ठोकून असेल तर त्या दोन महालांचे हिशेब एकमेकांत गुंतले असे समजावे. चतुर्थेश दशमात असला की घर आणि हुद्दा यांचे दफ्तर एकत्र वाचावयाचे ते याच कारणाने.

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो, तो म्हणजे एक भाव कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो. जुनी रीत सरळ होती: लग्नबिंदू ज्या राशीत ती सबंध रास प्रथम भाव, पुढची द्वितीय. परंतु राशी सारख्या वेळात उगवत नाहीत. विषुवदिनी माध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची छाया पुण्यास सुमारे ४ अंगुळे पडते. या पलभेवरून जुन्या रीतीने चरखंडे काढली असता पुण्याच्या क्षितिजावर सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, मेष व मीन राशी प्रत्येकी सुमारे २३८ पळांत, म्हणजे १ तास ३५ मिनिटांत उगवतात, तर कर्क व धनू यांस प्रत्येकी ३३६ पळे, म्हणजे २ तास १४ मिनिटे लागतात. त्यामुळे दशमबिंदू लग्नापासून बरोबर ९० अंशांवर क्वचितच सापडतो. यावरचा उपाय ज्याच्या नावाने आपण आजही योजतो तो श्रीपती अकराव्या शतकातला, आणि त्याचे रोहिणीखंड म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड असे मानतात. त्याच्या नावावर असलेली 'ज्योतिषरत्नमाले'ची मराठी टीका आपल्या भाषेतील अगदी आरंभीच्या गद्यात गणली जाते, हे ज्योतिष्यांपेक्षा भाषाभ्यासकांसच अधिक ठाऊक आहे. त्याची रीत अशी, की लग्न व दशम प्रत्यक्ष गणिताने काढावेत, केंद्रांमधील प्रत्येक अंतराचे तीन समान भाग करावेत, येणाऱ्या बिंदूंस भावमध्य समजावे, आणि दोन भावमध्यांच्या बरोबर मध्ये जो बिंदू येतो तो भावसंधी, म्हणजे सरहद्द.

एक उदाहरण पुण्याचेच घेऊ. चित्रापक्षाचा अयनांश, म्हणजे सायन व निरयन गणनेतील अंतर, सुमारे २४ अंश धरून निरयन लग्न मेषेच्या २७ अंशांवर असता दशम मकरेच्या सुमारे १६ अंशांवर येतो. म्हणजे दशमापासून लग्नापर्यंत १०१ अंश आणि लग्नापासून चतुर्थापर्यंत ७९. वृषभेच्या ५ अंशांवर असलेला शुक्र राशिकुंडलीत धनस्थानी दिसतो, पण श्रीपतीच्या रीतीने प्रथम भाव वृषभेच्या सुमारे १० अंशांपर्यंत पसरला असल्यामुळे चलित कुंडलीत तोच शुक्र तनुस्थानी जातो. येथे आणखी एक बाब आहे, जी पंचांगवादाच्या गदारोळात सहज निसटते. टिळक पंचांगाचा रैवतपक्ष आणि केतकरांचा चित्रापक्ष यांच्या अयनांशांत सुमारे ४ अंशांचे अंतर असल्याने ग्रहाची रास बदलू शकते. परंतु लग्न, दशम आणि ग्रह ही सर्वच सारख्या अंशांनी सरकत असल्यामुळे श्रीपतीच्या चलितात ग्रहाचा भाव दोन्ही पंचांगांनी एकच येतो. राशीविषयी भांडणारे दोन पक्ष भावांविषयी नकळत एकमत असतात.

या सरहद्दी किती नाजूक आहेत हे वेळेच्या हिशेबावरून कळते. सरासरी चार मिनिटांत लग्न एक अंश पुढे जाते. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे. १९०६ साली प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईत जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे चालू राहिली, आणि त्या काळातील टिपणांवर कोणत्या घड्याळाची वेळ आहे हे लिहिलेले नसले तर लग्न सुमारे दहा अंशांनी इकडचे तिकडे होते. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळे घड्याळे एक तास पुढे केलेली होती. त्या सालांतील पत्रिका दुरुस्त न करता मांडली तर अनेकदा सबंध रासच बदलते. हल्ली लंडनला जन्मलेल्या नातवंडांच्या पत्रिका आजी-आजोबा माझ्याकडे पाठवितात. तेथे सायन मेष ५२-५३ मिनिटांतच उगवून जाते आणि तूळ पावणेतीन तासांहून अधिक रेंगाळते, त्यामुळे श्रीपतीचे भाव एकीकडे आक्रसतात व दुसरीकडे फुगतात. अशा पत्रिका मी राशिकुंडलीवरूनच वाचतो. त्यात शास्त्र किती आणि सोय किती, हा प्रश्न मी खुला ठेवला आहे.

भावांवरून सांगितलेली फले प्रत्यक्षात कितपत उतरतात, याविषयी माझ्या व्यवसायाने मौन पाळणे योग्य नव्हे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात जी चाचणी घेतली, तीत हुशार व मतिमंद मुलांच्या मिश्र पत्रिका ज्योतिष्यांकडे दिल्या होत्या. उत्तरे पाठविणाऱ्या २७ जणांची बरोबर उत्तरे शेकडा ४६ निघाली, म्हणजे नाणे उडवूनही जी आली असती त्याहून बरी नाहीत. तिच्यावर आमच्यापैकी काहींनी आक्षेप घेतले, परंतु त्याहून चांगली चाचणी आम्ही स्वतः आखून दाखविली नाही, ही वस्तुस्थिती आहे. भावांची भूमिती मला पटते; तिच्यावर उभारलेल्या भाकितांबाबत माझा आवाज वयाबरोबर खाली आला आहे.

तो सर्वांत खाली येतो तो मंगळाच्या प्रश्नावर. प्रथम, चतुर्थ, सप्तम, अष्टम आणि द्वादश या पाच स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची, असा आपल्याकडचा दंडक. दक्षिणेत द्वितीयही त्यात धरतात. बारांपैकी पाच स्थाने म्हणजे शेकडा चाळीसांहून अधिक माणसे, आणि काही मंडळींप्रमाणे लग्नाबरोबर चंद्रावरून व शुक्रावरूनही मंगळ पाहू लागलो तर साध्या संभाव्यतेच्या गणिताने पाचांतील चार वधूवर त्यात सापडतील. त्यात वर सांगितलेल्या सरहद्दींची भर. मघाच्याच मेष लग्नाला धनूच्या ३ अंशांवर मंगळ असेल तर राशिकुंडलीत तो नवमात, म्हणून मंगळ नाही. श्रीपतीचा अष्टम भाव मात्र धनूच्या ६ अंशांपलीकडे जात असल्याने चलितात तो अष्टमात, म्हणून मंगळ आहे. मुलीकडच्या ज्योतिष्याने एक कुंडली पाहिली आणि मुलाकडच्याने दुसरी, म्हणून जुळत आलेले स्थळ मोडल्याचे मी पाहिले आहे, आणि दोघांचेही गणित निर्दोष होते. माझ्याकडे अशी पत्रिका आली म्हणजे मी दोन्ही कुंडल्या एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडतो, जन्मवेळ कोणी आणि कोणत्या घड्याळावर टिपली हे घरच्यांस विचारतो, आणि 'मंगळ आहे की नाही ते एका शब्दात सांगा' असा तगादा लागला की तो एक शब्द सोडून बाकी सर्व सांगतो.